खाडीचा वर्ग तिथी पाहून भरवा

शाळेची सहल खाडीवर न्यायची ठरली की आधी बसवाल्याला फोन जातो, मग पालकांची संमतीपत्रं छापली जातात, मग डब्याची सूचना निघते. भरती किती वाजता आहे हे विचारायचं तेवढं राहून जातं. मग नवी मुंबईत, ठाणे खाडीच्या काठी सीवूड्सला किंवा ऐरोलीला चाळीस मुलं काठावर उन्हात उभी, समोर नुसतं करडं पाणी, आणि बाई सांगत असतात, "इथे खूप पक्षी येतात बरं का." पक्षी येतातच. दोन तासांपूर्वी होते, तीन तासांनी परत येतील.

ठाणे खाडी ही काही कोपऱ्यातली जागा नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये तिच्या पश्चिम काठाला फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचे थवे इथे उतरतात आणि चांगल्या वर्षी त्यांचा आकडा लाखाच्या घरात जातो. एवढं सगळं लोकलच्या तिकिटावर उपलब्ध असताना आपली मुलं खारफुटी पुस्तकातल्या चित्रावरून शिकतात, हे फार वाईट आहे. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं होतं. त्यातून विषय आला, पुस्तक आलं, श्रेणी आली. चिखलात हात घालायचं मात्र अजून बाकी आहे.

जगात अनेक ठिकाणी शिक्षक मुलांना घेऊन दलदलीत, चिखलात, खाडीत जातात आणि दर ठिकाणची रीत वेगळी आहे. त्यातलं ठाणे-नवी मुंबईत काय चालेल, काय अजिबात चालणार नाही आणि प्रत्यक्ष काम कसं करायचं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी पाऊणपट

कोळी बांधवांकडे आणि कोकणातल्या जुन्या माणसांकडे एक साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. द्वादशीला नऊला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि दोन्हींच्या मध्ये, सव्वासहा तासांवर, ओहोटी.

हा हिशेब मुंबई बंदराचा आहे. खाडीत आत, ऐरोली-विटावा-ठाण्याकडे, पाणी त्याहून उशिरा पोचतं. किती उशिरा, ते एकदा मोजून ठेवा. काठावरच्या एखाद्या पक्क्या भिंतीवर खडूने दर दहा मिनिटांनी पाण्याची रेघ मारत जा. जिथे रेघ वर जायची थांबते ती तुमच्या जागेची भरती. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकातल्या वेळेशी तिची तुलना करा आणि तो फरक वर्गाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सहावी-सातवीच्या मुलांना हे सहज जमतं आणि अपूर्णांकांचा गुणाकार कशासाठी शिकायचा, हा प्रश्नही मिटतो.

शाळेच्या वेळेत बसणारे दिवस यातून लगेच निघतात. चिखल, मुळं, खेकडे पाहायचे असतील तर तृतीया ते पंचमी. चतुर्थीला पहाटे तीनला भरती, म्हणजे नऊच्या थोडं पुढे ओहोटी. शिवाय उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जोरात असतं, त्यामुळे चतुर्थीलाही पाणी चांगलं मागे हटतं. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर पक्षी पाहायचे असतील तर उलट. भरतीने खाडीतला चिखल झाकला की रोहित आत, काठामागच्या उथळ तळ्यांत येऊन उभे राहतात. तिथे सकाळी नऊला भरती हवी, म्हणजे द्वादशीच्या आसपासचा दिवस. अष्टमी-नवमीला भांग असते, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. ते दिवस शाळेतच बसून तयारी करायला ठेवा.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाणार असाल तर एक पेच लक्षात घ्या. बोटीला पाणी लागतं, रोहितांना चिखल. दोन्ही एकत्र मिळतात ते भरती-ओहोटीच्या मधल्या काळात. म्हणून बोटीची वेळ केंद्राने ठरवायची आणि शाळेने ती निमूट पाळायची. "आमची बस अकराला परत जायची आहे" हे खाडीला सांगून उपयोग नाही.

वेळेची ही शिस्त जगात सर्वांत कडक पाळली जाते ती नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावर पसरलेल्या वाडन समुद्रात. २००९ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. ओहोटीला तिथे मैलोन् मैल चिखलाचं मैदान उघडं पडतं आणि शाळेची मुलं त्यावर चालत जातात, माहीतगार वाटाड्यामागे. निघायचं ते पाणी ओसरत असताना आणि पाणी फिरायच्या आत परतीला लागायचं. कारण भरती समोरून लाट होऊन येत नाही, ती मागच्या ओहोळांतून आधी भरते आणि परतीची वाट तोडते. आपल्या खाडीलाही हे तंतोतंत लागू आहे. ओहोटीच्या वेळेआधी दीड तास काम सुरू करा आणि ओहोटीनंतर अर्ध्या तासात मुलं बांधावर परत हवीत.

तिथली मुलं अनवाणी चालतात, वाळूमिश्रित चिखलात फावडं घालून किडे शोधतात. ते मात्र इथे आणू नका. आपला गाळ मऊ, बारीक आणि खोल आहे. त्यात सांडपाणी आहे, काच आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं अनेक दशकांचं सांडलेलं आहे. मुलांनी बांधावर, पायवाटेवर किंवा लाकडी मार्गावर राहायचं आणि तिथून हात पोचेल तेवढंच काम करायचं. पायात नाडीचे, घट्ट बसणारे जुने कॅनव्हासचे बूट. गमबूट नकोत. ते गाळात रुततात, आत पोकळी धरते आणि पाय वर येतो तर बूट खालीच राहतो. कोणाचा पाय रुतलाच तर ओढाओढ करू नका. मूल मागे रेलून बसू दे, टाच गोल गोल हलवून पायाभोवती पाणी शिरू दे, मग पाय आपोआप सैल होतो. हातापायावर उघडी जखम असलेल्या मुलाने त्या दिवशी नोंदी लिहायच्या, गाळाला हात लावायचा नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीमुळे हा नियम दुप्पट कडक. दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस, प्रत्येकाकडे दीड लिटर पाणी, आणि हात धुवायला पाण्याचा वेगळा कॅन व साबण. अभयारण्य आणि कांदळवन (खारफुटीचं जंगल) वनखात्याच्या ताब्यात असतं, तिथे लेखी परवानगी लागते आणि ती महिनाभर आधी मागा.

एक झाड तेवढं आधी ओळखून ठेवा. हुरा, काही जण गेवा म्हणतात. पान मोडलं की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यांत गेला तर डोळा भयंकर सुजतो. म्हणून पहिलाच नियम: कुठल्याही झाडाचं काहीही तोडायचं नाही.

चौकट

ब्रिटनमध्ये बारावीच्या पातळीवर भूगोल घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला किमान चार दिवस क्षेत्रकाम करावंच लागतं. तिथली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. मुलं जागेवर जाण्याआधी प्रश्न लिहितात. "खाडी पाहणे" हा प्रश्न नव्हे. "बांधाजवळ तिवराची श्वसनमुळं जास्त की पाण्याजवळ?" हा प्रश्न (तिवर हे खारफुटीचं झाड, श्वसनमुळं म्हणजे त्याची गाळातून वर आलेली मुळं). "प्लास्टिक साचलेल्या जागी खेकड्यांची बिळं कमी आहेत का?" हा प्रश्न. प्रश्न हातात असला की मुलं भिरभिरत नाहीत आणि शिक्षकालाही दर मिनिटाला ओरडावं लागत नाही.

उत्तर मोजायला चौकट लागते आणि ती शंभर-दीडशे रुपयांत शाळेत बनते. अर्धा इंची पीव्हीसी पाइप, चार एल्बो. आतलं माप ५० सेंटिमीटर यायला हवं, म्हणून आधी एल्बो नुसते बसवून मोजा आणि मगच पाइप कापा. एल्बोच्या आत पाइप किती शिरतो ते न धरता कापला की चौकट ४७ नाहीतर ५३ ची होते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. चिकटवू नका, सुटी ठेवा, पिशवीत मावते. पाइपला खालून दोन-तीन भोकं पाडा, नाहीतर आत पाणी भरून ती घरी येईपर्यंत गळत राहते. एका चौकटीला १०, २०, ३०, ४० सेंटिमीटरवर भोकं पाडून तंगूस ओवा. पंचवीस घरं झाली, प्रत्येक घर म्हणजे ४ टक्के. शेवाळ किंवा प्लास्टिक किती भागावर आहे, ते घरं मोजून कळतं. दुसरी चौकट बिनदोऱ्याची ठेवा, कारण तिवराच्या झुडपांत दोऱ्याची चौकट बसतच नाही. तिथे तीन बाजू जोडलेल्या सरकवायच्या आणि चौथी मागाहून लावायची.

चौकट कुठे ठेवायची हे मुलांवर सोडलं की ती नेमकी खेकडा दिसला तिथे जाते. म्हणून २० मीटरची दोरी, दर ५ मीटरवर गाठ, आणि प्रत्येक गाठीच्या उजवीकडे चौकट. पाच चौकटी, पाच गट. गाठीवर कचराच असला तरी जागा बदलायची नाही, कचरा हीच नोंद.

श्वसनमुळं म्हणजे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिवराची मुळं. चौकटीतली मोजा आणि चाराने गुणा, चौरस मीटरचा आकडा मिळतो. कडेवरची मुळं दोनच बाजूंची धरायची, डावी आणि वरची, म्हणजे तीच मुळी दोनदा मोजली जात नाही. खेकड्यांची बिळं मोजायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प, हालचाल न करता बसायचं. मुलांना हे सर्वांत अवघड जातं आणि सर्वांत जास्त हेच आवडतं. तीन-चार मिनिटांत एकेक शिंपीखेकडा बिळातून डोकावतो, नराची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी असते, ती तो उचलून उचलून दाखवतो. बाजूच्या ओल्या गाळावर निवटी शेपटी झटकत सरकते, मासा असून पाण्याबाहेर. बिळं म्हणजेच खेकडे असं मात्र लिहू देऊ नका. काही बिळांना दोन तोंडं असतात. वहीत "बिळांची संख्या" असंच लिहायचं.

गाळात काडी खुपसून बाहेर काढली की ती काळी येते आणि सडक्या अंड्याचा वास येतो. मुलं लगेच "गटार" म्हणतात. त्यात सांडपाण्याचा भाग आहेच, पण हा वास स्वच्छ खारफुटीतही येतो. वरचा पातळ थर सोडला तर गाळात प्राणवायू नसतो आणि तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. मुळांना हवा खालून मिळत नाही म्हणूनच ती वर येतात. गाळ, वास आणि मुळं या तीन गोष्टी मुलांनी एकाच जागी उकिडवं बसून जोडल्या की श्वसनमुळांवर वेगळा धडा घ्यावा लागत नाही.

तिवराचं पान असंच जवळून दाखवा. वरून गुळगुळीत हिरवं, खालून चंदेरी करडं. कोरड्या दिवशी दहापट भिंगातून पाहिलं की पानावर मिठाचे बारीक खडे चमकतात. झाड मुळांतून आलेलं मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. चाटून पाहायला सांगू नका, खाडीचं पाणी लागलेलं असतं. टीडीएस मीटर वापरा, चार-पाचशे रुपयांत मिळतो. भरतीचं पाणी पोचत नाही अशा उंच फांदीवरची पानं निवडा. पान न तोडता वाकवून त्याखाली कप धरा, पिचकारीने ५० मिलीलिटर शुद्ध पाणी दहा पानांवरून सोडा आणि आधीचा-नंतरचा आकडा लिहा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर आकडा फारसा हलणार नाही, मीठ धुऊन गेलेलं असतं. तीही नोंदच.

पाण्याची क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असेल तर उत्तम. शुद्ध पाण्याने शून्यावर आणा, दोन थेंब, झाकण, अर्धा मिनिट थांबा, वाचा, पुसा. पुसायचं विसरलं की काचेवर मीठ सुकतं आणि पुढचा आकडा फुगतो. यंत्र नसेल तर एक लिटर पाणी गाळून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. समुद्राचं असेल तर ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ उरेल. शंभर मिलीलिटर आटवून घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर मोजू नका. साडेतीन ग्रॅम त्याला कळत नाहीत. फेब्रुवारी आणि ऑगस्ट अशा दोन नोंदी घ्या. पावसाळ्यात नद्या-नाले खाडीत उतरतात आणि आकडा घसरतो, ते पाहण्यासारखं असतं.

पक्षी मोजणं वर्गातच शिकवा. काळ्या कागदावर तांदळाचे दोनशे दाणे टाका, दहा सेकंद दाखवा आणि अंदाज लिहायला सांगा. जवळजवळ सगळे कमी लिहितात. मग दहा दाण्यांचा एक ठोकळा डोळ्यात बसवायचा आणि तो थव्यावरून पुढे सरकवत न्यायचा. खाडीवर तिघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं आणि मधला आकडा धरायचा. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोक काळं. लहान रोहित बुटका, रंग गडद, चोच काळसर लाल. राखाडी दिसतात ती पिल्लं, वेगळी जात नव्हे. लहान रोहित निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो आणि खाडीत त्या शेवाळाला खत पुरवतं ते आपलंच सांडपाणी. म्हणजे थवे वाढले म्हणून खाडी सुधारली असं म्हणता येत नाही. दहावीच्या मुलांना हे नीट कळतं, फक्त कोणीतरी सांगायला हवं.

झडप

नवी मुंबईच्या मुलांना घराजवळच दाखवता येईल अशी एक वस्तू म्हणजे धारण तलावाची झडप. शहराचा बराच भाग सखल खारजमिनीवर भर घालून उभा आहे. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर पाणी जाणार कुठे? म्हणून सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव खोदले. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये लोखंडी झडपा, वरच्या कडेला बिजागरी. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, झडप मिटते, शहराचं पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला बाहेरचा दाब गेला की तलावाचं पाणी झडप ढकलून निघून जातं. वीज नाही, माणूस नाही.

बिघडतं ते असं: झडपेत एक गोणपाट किंवा बाटल्यांचा गठ्ठा अडकतो, ती बोटभर उघडी राहते. दर भरतीला गाळ आत येतो, त्यासोबत तिवराच्या बिया येतात. काही वर्षांत तलाव उथळ होतो आणि त्यात कांदळवन उभं राहतं. मग तलाव साफ करायचा की झाडं राखायची, हा खरा अवघड प्रश्न समोर येतो. याचा नमुना वर्गात होतो. पाच लिटरचे दोन पारदर्शक कॅन, तळाशी एक इंची पाइपाने जोडलेले, आणि "तलाव" कॅनमधल्या पाइपाचं तोंड मोकळं. "खाडी" कॅनमध्ये पाइप दोन बोटं आत घेऊन त्याच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वरच्या बाजूने चिकटवलेला. खाडीत पाणी ओता, झडप मिटते. मग त्यात काडेपेटीची काडी अडकवा आणि पुन्हा ओता.

झडपेमुळे पाणी आत येऊ नये अशी काही जागांची गरज असते, तर काही जागा पाणी आत आलं नाही म्हणून मरतात. नेरूळ-सीवूड्सच्या रोहितांच्या तलावात २०२४ च्या सुरुवातीला भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या, तलाव सुकत गेला आणि त्याच हंगामात त्या परिसरात रोहित मेलेले सापडले. पाणथळ जागा भर घालूनच नष्ट होते असं नाही. एक नाला बुजवला तरी पुरतं.

जपानमध्ये टोकियो उपसागराच्या काठी यात्सू नावाचा चिखलतळ आहे, जेमतेम ४० हेक्टर. चारी बाजूंनी वस्ती आणि रस्ते, समुद्राशी नातं फक्त दोन कालव्यांनी. १९९३ पासून तो रामसर यादीत आहे. काठावर निरीक्षण केंद्र आहे, काचेमागे ओळीने दुर्बिणी, आणि मुलं शहरातून बसने येऊन तिथे बसतात. तिथेही अडचण आहेच. पाणी पुरेसं खेळत नाही म्हणून समुद्री शेवाळ साचतं, कुजतं, वास सुटतो. सिंगापूरचं सुंगेई बुलोह तर जुनी कोळंबीची तळी आहेत. तिथे दरवाजे उघडून-मिटून तळ्यांतलं पाणी उथळ ठेवतात, म्हणजे भरतीच्या वेळी किनारपक्ष्यांना उभं राहायला जागा मिळते. आपल्या तळ्यांना हेच हवं आहे. आठवी-नववीच्या वर्गापुढे नेरूळ, यात्सू आणि सुंगेई बुलोह यांचे उपग्रह नकाशे शेजारी शेजारी लावा आणि पाणी कुठून येतं, कुठून जातं ते बोटाने शोधायला सांगा. अर्ध्या तासाचा सुंदर तास होतो.

रोपं लावू नका, निदान घाईने तरी

५ जून आला की शाळा खाडीकाठी खारफुटी लावायला निघतात. हेतू चांगला असतो, पण बहुतेक वेळा ते काम निष्फळ जातं आणि कधी कधी नुकसान करतं. रोपं कुठे लावतात? मोकळा, सपाट, झाड नसलेला चिखल दिसतो तिथे. तो चिखल रोहितांचं, मालगुजांचं, शेकाट्यांचं ताट असतं. शिवाय तिथे झाड नाही त्याला कारण असतं. बहुधा जागा इतकी खाली असते की रोप दिवसातला फार वेळ बुडून राहतं.

फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षं मोठा पैसा ओतून खारफुटी लावली गेली आणि जगण्याचं प्रमाण १० ते २० टक्क्यांवर राहिलं. समुद्राच्या तोंडावर, जिथे निसर्गतः तिवर आणि चिप्पीच्या कुळातली झाडं येतात, तिथे कांदळ ही दुसरी खारफुटी लावली, कारण तिच्या लांब शेंगा गोळा करून चिखलात खोचणं सोपं. श्रीलंकेत २३ जागा तपासल्या गेल्या, त्यातल्या ९ जागी एकही रोप जगलेलं नव्हतं. या दोन्ही देशांतली उदाहरणं आपल्या शिक्षकांनी झेंडे-बॅनर छापायच्या आधी वाचायला हवीत.

हाँगकाँगची माय पो ही पाणथळ तर डोळे उघडणारी आहे. तिथे मुलं तरंगत्या लाकडी मार्गावरून खारफुटीतून चालत जाऊन चिखलाच्या कडेच्या निरीक्षण खोपटात बसतात. आणि त्या चिखलावर उगवलेली खारफुटीची रोपं तिथली माणसं उपटून काढतात, पक्ष्यांना चिखल मोकळा राहावा म्हणून. त्यात चिप्पीही असते. १९८५ साली ती बांगलादेशातून चीनमध्ये नेऊन लावली, भराभर वाढली आणि पसरत गेली. ठाणे खाडीत तीच चिप्पी मूळची, घरची. एकच झाड इथे राखायचं आणि तिथे उपटायचं, आणि दोन्ही बरोबर. यावर वर्गात वाद घडवून आणा, मुलं तासभर भांडतात.

लावण्याऐवजी करायला भरपूर आहे. राडारोडा टाकून कुठे भरतीची वाट अडली आहे का ते पाहा. तिवराचे शेंडे वाळत असतील, पानं पिवळी पडत असतील, गाळाला कोरड्या भेगा असतील किंवा उलट पाणी दिवसेंदिवस साचून हिरवं झालं असेल, तर पाणी खेळत नाही असं समजा. वाट मोकळी झाली की तिवर स्वतःच परत येतं. पावसाळ्यात त्याच्या बिया हजारोंनी तरंगत असतात, त्यांना आपल्या हाताची गरज नसते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडीवर आणि त्याभोवती ५० मीटरमधल्या बांधकामावर बंदी घातली, २०१८ च्या निकालाने ती कायम केली. त्यामुळे भराव दिसला तर तक्रार करता येते. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कांदळवन समिती आहे, वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे. तक्रारीला तारीख, वेळ, त्या दिवशीची भरती-ओहोटी, नकाशावरची जागा आणि एकाच ठिकाणाहून काढलेले आठवडाभराच्या अंतराचे दोन फोटो जोडा. डंपरवाल्याशी मुलांसमोर हुज्जत घालू नका. फोटोही शिक्षकांनी काढायचा, मुलांनी नाही.

आणि शाळेजवळ कोळीवाडा असेल तर एक तास तिथल्या जाणत्या माणसाला द्या. चिंबोरी कुठल्या तिथीला भरलेली असते, बोक्शी (पिशवीसारखं जाळं) कुठे लावायची, कोणती मासळी पूर्वी ऐरोलीपर्यंत यायची आणि आता येत नाही, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. माय पोची कोळंबीची तळीसुद्धा मुळात तिथल्या मच्छीमारांचं कसब आहे. हिवाळ्यात ती एकेक करून उपसतात, मासळी उघडी पडते आणि बगळ्यांची रांग लागते.

दोरी, चौकटी आणि मीटर परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, तंगूस सैल झाली असेल तर बदला. नोंदवहीत तारखेऐवजी तिथी, ओहोटीची वेळ आणि गाठीचा क्रमांक आधी लिहा, कारण पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्याच तिथीला, त्याच गाठीवर चौकट ठेवायची आहे. दोरीचं एक टोक बांधावरच्या ज्या दगडाला बांधलं होतं, त्या दगडाचा फोटो वहीत चिकटवून ठेवा.